अमेरिकेतील दारूबंदी (१९२०–१९३३)

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३ या काळात देशभर लागू असलेली मद्यबंदी. राज्यघटनेच्या १८ व्या दुरुस्तीने ती आणली आणि २१ व्या दुरुस्तीने उठवली. अमेरिकेने एखादी घटनादुरुस्ती संपूर्ण रद्द केल्याचे हे एकमेव उदाहरण.

मागणीमागचे दुःख खरे होते. मजुरी गुत्त्यात उडवून घरी मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना विटलेल्या बायका १८७४ पासून ख्रिस्ती महिला संघटनेत एकवटल्या. पुढे अँटी-सलून लीग या गुत्तेविरोधी संघटनेने (‘सलून’ म्हणजे तिथला दारूचा गुत्ता) आमदार-खासदारांवर दबाव आणला. १९१३ मध्ये प्राप्तिकर आल्याने दारूवरच्या करावाचून सरकारचे अडेनासे झाले, आणि पहिल्या महायुद्धात बिअरचे जर्मन-वंशीय कारखानदार लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले.

दुरुस्तीच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या व्होल्स्टेड कायद्याने ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली पेये बनवणे, विकणे आणि त्यांची ने-आण करणे गुन्हा ठरवले. पिणे मात्र गुन्हा नव्हते. बंदीपूर्वी घेतलेला साठा घरात ठेवता येई. श्रीमंतांनी तळघरे भरून घेतली, कित्येकांनी डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळवली. भोगले ते गरिबांनी.

कोणी पिऊ नये म्हणून औद्योगिक अल्कोहोलमध्ये मिथाइल अल्कोहोलसारखी विषे मिसळली जात. चोरटे धंदेवाले ते पुन्हा गाळून विकत. हे ठाऊक असूनही सरकारने १९२६ च्या अखेरीस विष वाढवायचे ठरवले. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी या मृत्यूंची नैतिक जबाबदारी जाहीरपणे सरकारवर टाकली. त्यांचे म्हणणे रास्तच होते. १९३० मध्ये ‘जेक’ या आल्याच्या स्वस्त अर्कातील भेसळीने हजारो लोकांचे पाय लुळे पडले. गुडघा उंच उचलून पंजा आपटत चालणारा माणूस दक्षिणेतल्या गावांत लांबूनच ओळखू येई.

सुरुवातीला मद्यपान व यकृतविकाराने होणारे मृत्यू घटले, हेही नोंदवायला हवे. पण पोलिसांना हप्ते देऊन ‘स्पीकईझी’ हे चोरटे गुत्ते फोफावले. जुन्या सलूनमधल्या पुरुषी गर्दीच्या जागी तिथे स्त्रिया-पुरुष एकत्र बसू लागले. शिकागोत टोळ्यांच्या वैरातून १४ फेब्रुवारी १९२९ रोजी सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या. तिथला टोळीप्रमुख अल कपोन अखेर १९३१ मध्ये करचुकवेगिरीसाठी दोषी ठरला.

महामंदीत सरकारला महसूल हवा होता, लोकांना रोजगार. पॉलिन सेबिन यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनीच बंदी उठवण्याची मोहीम चालवली. पुढचा निर्णय राज्यांवर सोपवण्यात आला. मिसिसिपीत राज्यव्यापी दारूबंदी १९६६ पर्यंत टिकली.