फिरायला निघालेल्यांना अडवायचे कशासाठी? श्वासाचे गणित

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरताना अलीकडे एका निवृत्त हवालदारांशी ओळख झाली. एकदा बोलण्याच्या ओघात करोनाच्या साथीचा, २०२० च्या एप्रिलचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "सर, आम्ही तेव्हा चौकाचौकांत दंडुका घेऊन उभे राहिलो, म्हणून गाव वाचले. फिरायला निघालेल्यांना सोडले असते, तर रोग घरोघर पोहोचला असता." ही बढाई नव्हती. त्या साथीत राज्यातील शेकडो पोलिसांचा बळी गेला आणि त्यांच्या सोबतचेही काहीजण त्यांत होते. पण त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या मधुमेही आप्पांना पहाटे पावणेसहाला, रस्त्यावर दुसरे कोणीही नसताना, पोलिसांनी अडवून उठाबशा काढायला लावल्या होत्या, आणि त्यानंतर आप्पांनी कित्येक महिने उंबरठा ओलांडला नाही, हेही मी पाहिले आहे. रिकाम्या रस्त्यावरून एकटे चालणारे आप्पा खरोखर कोणाला धोका पोहोचवत होते का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. हा प्रश्न कायद्याइतकाच भौतिकशास्त्राचाही आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली. तिच्यामागे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७ चा साथरोग कायदा होता. शिवाय जमावबंदीसाठी कलम १४४ आणि आदेश मोडणाऱ्यांसाठी भारतीय दंड संहितेचे कलम १८८ पोलिसांच्या हाती होते. सकाळच्या फेरफटक्याला त्या आदेशांत सवलत नव्हती. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा होती, फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटरच्या आत एक तास फिरता येत होते, आणि स्पेनमध्ये मात्र प्रौढांना व्यायामासाठी बाहेर पडायला २ मेपर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्रात ३ जून २०२० पासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळेत चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांना परवानगी मिळाली. विषाणू सगळीकडे एकच होता, तरी नियमांत एवढी तफावत होती, कारण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो याचे स्पष्ट चित्र नियम करणाऱ्यांपुढे नव्हते.

सुरुवातीचे चित्र असे होते की खोकताना किंवा बोलताना उडालेले थेंब मीटर-दोन मीटरवर जमिनीवर पडतात आणि तिथेच धोका संपतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २८ मार्च २०२० रोजी हा रोग हवेतून पसरत नाही असे जाहीर केले होते. थेंब पडतात हे खरेच आहे, परंतु सगळेच पडत नाहीत. हवेतून खाली येणाऱ्या सूक्ष्म कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमातून निघते. केसाच्या जाडीएवढा, म्हणजे सुमारे १०० मायक्रॉनचा थेंब तोंडाच्या उंचीवरून सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत आठ मिनिटे लागतात आणि एक मायक्रॉनच्या कणाला जवळपास बारा तास. आपण बोलतो, गातो, धापा टाकतो, तेव्हा बाहेर पडणाऱ्या कणांत संख्येने या बारीक कणांचेच प्रमाण फार मोठे असते, आणि खोलीतली हवा कधीच पूर्ण स्थिर नसल्यामुळे ते तासन्‌तास तरंगत राहतात. ३० एप्रिल २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या माहितीत बदल करून हा मार्ग स्पष्टपणे मान्य केला. तोवर आपल्याकडची दुसरी लाट शिगेला पोहोचत होती.

म्हणून "माणूस घरात आहे की बाहेर" यापेक्षा "एकाच्या फुप्फुसातून निघालेली हवा दुसऱ्याच्या फुप्फुसात किती जाते" हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचे उत्तर मोजता येते. विज्ञानातल्या ज्या मोजक्या युक्त्यांनी मला मोहून टाकले आहे, त्यांत हिचा क्रमांक वरचा आहे. २०२० मध्ये बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ४१० होते. आपल्या उच्छ्वासात ते सुमारे ४०,००० असते. समजा, एखाद्या बंद खोलीत मोजणी केली आणि आकडा २,००० निघाला. बाहेरच्या हवेपेक्षा जे जवळपास १,६०० भाग जास्त आले, ते खोलीतल्या माणसांच्या उच्छ्वासातूनच आले असणार. १,६०० ला ४०,००० ने भागले की चार टक्के येतात. याचा अर्थ त्या खोलीतला प्रत्येक पंचविसावा श्वास हा कोणाच्या तरी फुप्फुसातून आधीच जाऊन आलेला असतो. वायू डोळ्यांना दिसत नाही, पण एका साध्या भागाकाराने उष्ट्या हवेचा हिशेब मांडता येतो.

आता हाच हिशेब दोन ठिकाणी करून पाहू. पहिले ठिकाण म्हणजे नियम मोडला म्हणून पकडून आणलेल्या माणसांना बसवण्याची एखादी खोली. ती चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि जवळपास तीन मीटर उंच आहे, म्हणजे तिच्यात सुमारे ४०,००० लिटर हवा मावते. आत आठ माणसे आहेत, दारे-खिडक्या बंद आहेत. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आठ जणांचा अर्ध्या तासाचा हिशेब ७२ लिटर होतो. ७२ ला ४०,००० ने भागले तर दहा लाखांत १,८०० भागांची वाढ निघते, म्हणजेच अर्ध्या तासाच्या शेवटी खोलीतली साडेचार टक्के हवा उष्टी झालेली असते. आठांपैकी एक जण बाधित असेल, तर त्याचा वाटा शेवटी सुमारे ०.५६ टक्के आणि संपूर्ण अर्ध्या तासाच्या सरासरीने ०.२८ टक्के येतो. शेजारी बसलेला माणूस मिनिटाला आठ लिटर हवा घेतो, म्हणजे अर्ध्या तासात २४० लिटर. त्याच्या फुप्फुसांत गेलेला बाधिताचा उच्छ्वास झाला सुमारे ६७० मिलिलिटर, म्हणजे लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा दोन तृतीयांश भाग.

दुसरे ठिकाण तलावाकाठचा रस्ता. बाधित माणूस भराभर चालत आहे आणि मिनिटाला ३० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर हवा सोडत आहे. वारा अगदी मंद, सेकंदाला एक मीटर, एवढाच धरू. त्याचा उच्छ्वास एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा पट्ट्यात पसरतो असे मानले, तर त्या पट्ट्यातून दर सेकंदाला १,००० लिटर हवा वाहत जाते. अर्धा लिटर भागिले हजार, म्हणजे ०.०५ टक्के. समोरून येणारा दुसरा माणूस नेमका या पट्ट्यातून, आणि तोही पाच सेकंद, गेला असे आपण सर्वांत वाईट गृहीत धरू. तोही जोरात श्वास घेत आहे, म्हणून त्या वेळात त्याने अडीच लिटर हवा घेतली. तिच्यातला परक्याचा उच्छ्वास सव्वा मिलिलिटर भरतो. चहाच्या चमच्याचा हा पाव हिस्सा आहे. खोली आणि रस्ता यांच्यातला फरक पाचशे पटींहून जास्त निघतो. श्रमाने श्वासातल्या कणांचे प्रमाण वाढते, हा आक्षेप योग्य आहे. ते दहापट वाढले असे धरले, तरी फरक पन्नास पटींच्या पुढेच राहतो. माझी गृहीतके ढोबळ आहेत, वारा पूर्ण पडला असेल तर रस्त्याचा आकडा वाढेल. पण पाचशेचे दोनशे झाले तरी निष्कर्ष उलटत नाही. वाऱ्यातले लहान-मोठे भोवरे उच्छ्वासाचे तुकडे करून ते सतत ताज्या हवेत मिसळत राहतात, आणि मोकळ्या जागी ही ताजी हवा कधी संपत नाही. सगळा फरक पडतो तो इथे.

प्रत्यक्षातल्या नोंदी याच दिशेने बोलतात. चीनमध्ये ४ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२० या काळातील ७,३२४ रुग्णांची माहिती तपासली गेली, तेव्हा तीन किंवा अधिक रुग्णांचे ३१८ समूह सापडले आणि ते सर्व बंदिस्त जागेतले होते. मोकळ्या हवेतल्या संसर्गाची एकच घटना आढळली, तिच्यात दोन रुग्ण होते. दक्षिण कोरियातील चिओनान शहराचे उदाहरण तर व्यायामाचेच आहे. तिथे १२ क्रीडाकेंद्रांतल्या नृत्य-व्यायामाच्या वर्गांशी जोडलेले ११२ रुग्ण निघाले. बंद सभागृह, जोरजोरात श्वास आणि मोठा गट हे तिन्ही तिथे एकत्र आले होते. त्याच शहरात योग आणि पिलाटेसचे संथ वर्ग घेणाऱ्या एका बाधित प्रशिक्षकाच्या विद्यार्थ्यांत मात्र कोणालाही लागण झाली नाही. व्यायाम हा शब्द एकच असला, तरी छताखालचा व्यायाम आणि आभाळाखालचा व्यायाम यांना एकाच नियमात बसवणे चुकीचे आहे.

त्या काळात पसरलेल्या दोन अतिरंजित समजुतींचा इथे उल्लेख केला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये धावणाऱ्या माणसाच्या मागे रंगीत ठिपक्यांचा लोट दाखवणारे संगणकीय चित्र मोबाइलवर सर्वत्र फिरले आणि धावपटूच्या मागे दहा मीटर अंतर हवे असे सांगितले गेले. ते चित्र थेंबांच्या वायुगतीचे होते. किती विषाणू गेले आणि कोणाला लागण झाली, याबद्दल त्यात काहीच नव्हते, आणि इतर शास्त्रज्ञांनी तपासण्याआधीच ते प्रसिद्धीला दिले गेले होते. दुसरी समजूत आपल्या भागातली होती: भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात विषाणू तगणार नाही. जळगाव जिल्ह्यात रुग्ण झपाट्याने वाढले ते मे आणि जून २०२० मध्येच. उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निष्क्रिय होतो हे प्रयोगांत दिसले आहे, परंतु माणसाला लागण होते ती सावलीतल्या खोलीत, आणि त्या खोलीत ऊन पोहोचतच नाही. पुढे कापूर आणि ओव्याची पोटली हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढतो असे संदेश आले, ज्यांना कसलाही आधार नव्हता. त्या वासावर विसंबून दवाखान्यात उशिरा पोहोचलेल्या माणसांचे नुकसान भरून निघणारे नव्हते.

खान्देशातल्या घरांचा हिशेब पुन्हा वेगळा आहे. खिडकीत बाहेरून बसवलेला, वाळ्याच्या पडद्यांचा कूलर तासभर चालला, तर तो बाहेरची हवा आत लोटतो आणि समोरचे दार उघडे असेल तर आतली हवा बाहेर ढकलतो. श्वासाच्या दृष्टीने हे उत्तम यंत्र आहे. तोच कूलर खोलीच्या मध्यात ठेवून दारे लावून घेतली, की तो आतलीच हवा फिरवत राहतो. जाड भिंतींची आणि लहान खिडक्यांची धाब्याची घरे उन्हाळ्यात थंड राहतात, पण त्यांच्यात हवा खेळत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची आपल्याकडची जुनी रीत त्या दिवसांत खोलीतल्या झोपेपेक्षा कितीतरी सुरक्षित होती, आणि हे सांगणारी एकही सरकारी सूचना तेव्हा माझ्या पाहण्यात आली नाही.

तर मग पोलिसांनी किती कडक असावे? मार्च २०२० मधली सरसकट बंदी मला समजून घेता येते, कारण माहिती अपुरी होती, दवाखाने तयार नव्हते, आणि मूठभर शिपायांना शहरभर लक्ष ठेवायचे असेल तर "कोणीच बाहेर पडायचे नाही" हाच नियम सर्वांत सोपा ठरतो. पण जूनमध्ये राज्याने स्वतःच सवलत दिल्यानंतर, एप्रिल २०२१ मध्ये उद्याने आणि मैदाने पुन्हा बंद करून एकट्याने चालणाऱ्यांना हटकणे, याला माझ्या मते शास्त्रीय आधार उरला नव्हता. त्याची किंमत मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी मोजली. चालताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातली साखर ओढून घेऊ शकतो, त्यामुळे आप्पांसारख्यांसाठी चालणे हे औषधाच्या गोळीइतकेच गरजेचे होते. आणि नियम मोडला म्हणून आठ जणांना गाडीत कोंबून बंद खोलीत बसवणे, यात तर वरच्या हिशेबानुसार मूळ फेरफटक्याच्या शेकडो पट धोका होता. तो त्या आठ जणांइतकाच दाराशी बसलेल्या शिपायालाही होता.

हे सगळे गणित मी त्या हवालदारांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी बराच वेळ आकडे पाहिले आणि विचारले, "मग सर, टपरीचे काय? फिरून झाले की दहा-पंधरा जण पत्र्याखाली अर्धा तास उभे राहायचे. त्यांनाही सोडायचे होते का?" नाही, त्यांना सोडायचे नव्हते. तीन बाजूंनी बंद असलेल्या पत्र्याच्या आडोशात, हातभर अंतरावरून, मास्क हनुवटीवर ओढून मोठ्याने बोलणारी दहा-पंधरा माणसे ही रस्त्यापेक्षा खोलीच्या हिशेबात जास्त बसतात. शिवाय हिवाळ्याच्या पहाटे तापीच्या खोऱ्यात थंड हवा जमिनीलगत साचते, वारा पडलेला असतो, आणि माझ्या हिशेबातला सेकंदाला एक मीटरचा वाराही तेव्हा मिळत नाही. शिपायाने उभे राहायचे होते ते त्या टपरीशी, आणि दंडुका न उगारता गर्दी पांगवून प्रत्येकाला आपापल्या वाटेने चालायला लावायचे होते.