अरापाहो मोकॅसिन व मणीकाम

अरापाहो मोकॅसिन : उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील अरापाहो लोकांचे उंच टाच नसलेले चामडी पादत्राण. उत्तर अरापाहो वायोमिंगमधील विंड रिव्हर राखीव क्षेत्रात राहतात, दक्षिण अरापाहो ओक्लाहोमात. ही कला घरातच, मुख्यतः आजी, आई व मावशी यांच्याकडून पुढे जाते.

तळ कच्च्या, कडक कातड्याचा असतो. वरचा भाग हरणाच्या किंवा एल्कच्या (एक मोठे हरीण) कमावलेल्या कातड्याचा. कमावताना जनावराच्या मेंदूचा लगदा चोळतात, कातडे वाळेपर्यंत ताणत राहतात आणि शेवटी धुरी देतात. धुरी न दिलेले कातडे एकदा भिजून वाळले की ताठ होते. पाय ठेवून तळाचा साचा आखतात. दुसऱ्या पायासाठी साचा उलटा करायचे राहिले, तर दोन्ही तळ एकाच पायाचे निघतात. वरचे कातडे ज्या दिशेला कमी ताणते ती दिशा पायाच्या लांबीला धरावी, नाहीतर जोडा वापरात लांबतो.

मणीकाम तळ जोडण्याआधी करतात. आठ-नऊ काचमणी ओवून एक आडवी ओळ घालायची आणि टाका कातड्याच्या निम्म्या जाडीतूनच घ्यायचा. आरपार गेलेला धागा पायाला घासून तुटतो. अकरा नंबरचे (नंबर मण्याच्या आकाराचा) आठ मणी साधारण एक सेंटिमीटर जागा घेतात. ओळीला थोडा उठाव असतोच, पण एक मणी जादा झाला की ती कमानीसारखी फुगते आणि कुठेही अडकते. एक कमी पडला की चामडे डोकावते. एकाच नंबरचे मणीही जाडीला सारखे नसतात, त्यामुळे निवडण्यात बराच वेळ जातो.

जोडणी उलट्या बाजूने होते. पूर्वी आरीने भोक पाडून त्यातून जनावराच्या पाठीच्या कंडरेचा ओलसर तंतू ओवत. चवड्याच्या मध्यापासून दोन्हीकडे टाचेपर्यंत शिवावे. एका टाचेपासून सुरुवात केल्यास वरचा भाग पिळला जातो. मग तळ दमट करून जोडा पालटतात. कोरडा पालटला तर शिवण उसवते.

काचमण्यांपूर्वी साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांची नक्षी होती. त्यातले पवित्र काम सात पवित्र पिशव्या सांभाळणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या देखरेखीखाली चाले. मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी 1899 पासून अरापाहोंच्या नक्षीचे अर्थ नोंदवले. तोच त्रिकोण एकीसाठी तंबू होता, दुसरीसाठी डोंगर.