गोदावरी मोठी होते कुठे?

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर वाहत थेट बंगालच्या उपसागराला मिळते. कारण साधं आहे: दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं, आणि पाणी उतार सोडत नाही.

आपली गोदावरी म्हणजे रामकुंड, पैठण, गंगाखेड, नांदेड. पण त्र्यंबकचा मुसळधार पाऊस मागे पडला की लगेच पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. पैठणचं धरण, म्हणजे नाथसागर, यंदा भरणार का, ही मराठवाड्यातली दर पावसाळ्याची चर्चा. उपनदी मांजरेचे तर हाल विचारू नका. २०१६ साली तिचं धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातून, रेल्वेने पाणी आणावं लागलं.

मग आंध्रातल्या राजमहेंद्रीला पैलतीर दूर धूसर दिसावा एवढी ही नदी रुंद होते कशी?

उत्तर सिरोंच्याला मिळतं. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, कालेश्वरमसमोर, प्राणहिता येऊन मिळते. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा असं विदर्भाचं बहुतेक पाणी घेऊन ती येते. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या तिचा. त्यातली वर्धा उगम पावते मुलताईच्या परिसरात, जिथून तापी निघते. एक पश्चिमेला गेली, दुसरी पूर्वेला. पुढे बस्तरमधून चित्रकोटच्या धबधब्यावरून उडी घेतलेली इंद्रावती येते, मग शबरी. खरं सांगायचं तर नाव नाशिकचं, पाणी बरंचसं विदर्भ-बस्तरचं.

सिरोंच्याच्या आसपास खडकही बदलतो. मराठवाड्यातला काळा बेसाल्ट मागे राहतो आणि गोंडवन काळात, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी, खचलेली जुनी दरी लागते. प्राणहितेच्या संगमानंतर नदी याच दरीच्या रोखाने आग्नेयेकडे वाहते. दगडी कोळसा याच पट्ट्यातला, आणि सिरोंचा तालुक्यात वडधमला सापडलेले डायनोसॉरचे जीवाश्मही.

पुढे पूर्व घाट आडवा येतो. पापीकोंडलूच्या डोंगरांमधून अरुंद वाट काढत नदी मैदानात उतरते. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटनने १८५२मध्ये पूर्ण केलेल्या बंधाऱ्याने तिचं पाणी कालव्यांत वळवलं आणि त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला. तिथेच ती गौतमी आणि वसिष्ठ अशी फाटते. हा त्रिभुज प्रदेश गाळाने घडला. आता धरणांमागे बराच गाळ अडतो आणि किनारा काही ठिकाणी झिजू लागला आहे.