फिरस्ता कॅचर (बेसबॉल)

एका संघात मूळ न धरता या संघातून त्या संघात, ‘मेजर लीग’ या मुख्य लीगमधून खालच्या मायनर लीगमध्ये आणि तिथून पुन्हा वर, असा वर्षानुवर्षे फिरत राहणारा व्यावसायिक बेसबॉलमधला कॅचर. अमेरिकेत अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. जर्नीमन पिचरही (चेंडू टाकणारे) असतात, इन्फिल्डरही (आतल्या मैदानातले क्षेत्ररक्षक). पण पस्तिशी उलटलेला, फलंदाजीत यथातथा आणि तरीही आठ-दहा संघांच्या टोप्या घालून झालेला खेळाडू दिसला, तर तो बहुधा कॅचर निघतो. आकडे पाहून त्याला सुमार ठरवणे सोपे आहे. पण मेजर लीगचे ३० संघ आणि प्रत्येकात साधारण दोन कॅचर, म्हणजे या कामाच्या सगळ्यांत वरच्या जागा जेमतेम साठ. त्यांतली एखादी पुन्हा पुन्हा मिळवणाऱ्याला सुमार म्हणणे जरा धाडसाचेच.

कॅचर होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे, उकिडवा बसतो. मराठी वाचकाला यष्टिरक्षक आठवेल, पण वेगवान गोलंदाजाला यष्टिरक्षक पंधरा-वीस पावले मागे उभा राहतो आणि कॅचर फलंदाजाच्या पाठीला जवळपास चिकटून असतो. पिचर सुमारे १८.४४ मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू फेकतो. असे सव्वाशे-दीडशे चेंडू एका सामन्यात घ्यायचे. जमिनीत आपटून उसळणारा चेंडू हाताने पकडायचा नसतो, गुडघे टेकून छातीवर घ्यायचा असतो. बॅटला निसटती लागून आलेली ‘फाउल टिप’ थेट मास्कवर आदळते. पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे धावताना गाठायचा थांबा) धावपटू दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता गाठायला सुटला, की कॅचरने उठायचे, मिटमधला (जाड हातमोज्यातला) चेंडू उजव्या हातात घ्यायचा आणि जवळपास ३९ मीटरवरच्या दुसऱ्या बेसवर फेकायचा. चेंडू मिटमध्ये पडल्यापासून तिथे पोचेपर्यंत दोन सेकंदांच्या बराच वर वेळ गेला, तर धावपटू सहसा सुटतो. शिवाय कुठला चेंडू टाकायचा याची खूणही तोच देतो: पूर्वी मांड्यांच्या आड बोटांनी, आणि २०२२ पासून बटणे दाबून पिचरच्या टोपीतल्या छोट्या स्पीकरवर.

इतके काम रोज होत नाही. मेजर लीगच्या हंगामात सहा महिन्यांत १६२ सामने असतात आणि गुडघ्यांना, बोटांना, डोक्याला ते झेपत नाहीत. म्हणून प्रत्येक संघाला दुसरा कॅचर लागतो, आणि त्या दोघांपैकी एकाचा अंगठा मोडेल त्या दिवसासाठी तिसरा, एक पायरी खाली ट्रिपल-ए लीगमध्ये तयार ठेवावा लागतो. फिरस्त्या कॅचरची सगळी कारकीर्द या दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेच्या दरम्यान घडते. त्याची गरज प्रत्येक संघाला असते, फक्त कुणालाच ती फार दिवस नसते.

त्याचे फिरणे हौसेचे नसते, ते नियमांतून येते. संघाच्या चाळीस जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारण तीन हंगाम हवे तेव्हा खाली-वर करता येते. याला ‘ऑप्शन’ म्हणतात. ते संपले, की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या संघांपुढे ठेवावे लागते. जागा रिकामी करायची असेल तर संघ त्याला ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’ करतो. मग सात दिवसांत त्याचा सौदा व्हायचा, कुणी उचलायचे, करार संपवायचा किंवा त्याने मायनर लीगमध्ये जायचे. हे सात दिवस खेळाडू कुठल्याच मैदानावर नसतो, घरभाडे मात्र चालूच असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण या बिऱ्हाडात बऱ्याचदा बायको आणि शाळेत जाणारी मुलेही असतात. १९७५ च्या अखेरीस लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या प्रकरणात निकाल दिला, तोवर खेळाडू ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे संघाला बांधलेला असे आणि संघ बदलायचा तो मालकाच्या मर्जीने. त्यानंतर निदान पुढचे दार ठोठावण्याचा हक्क त्याला मिळाला.

मालकांच्या त्या काळातला एक सौदा अजून सांगितला जातो. एप्रिल १९६२ मध्ये नव्या न्यूयॉर्क मेट्स संघाने क्लीव्हलंडकडून हॅरी चिटी हा कॅचर घेतला. मोबदल्यात ‘नंतर ठरवायचा एक खेळाडू’ द्यायचा होता. जूनमध्ये मेट्सने तो खेळाडू दिला: हॅरी चिटी. पंधरा सामने खेळून माणूस स्वतःच्याच बदल्यात परत गेला. गंमत अशी की १९८१ मध्ये सिअॅटल आणि न्यूयॉर्क यांकीज यांच्यात ब्रॅड गल्डन याच्या बाबतीत असेच घडले, आणि गल्डनही कॅचरच.

पैशाचा हिशेब या जगण्याचा गाभा आहे. २०२३ मध्ये मेजर लीगमधला किमान वार्षिक पगार ७,२०,००० डॉलर होता, आणि त्याच वर्षीच्या मायनर लीगच्या पहिल्या सामूहिक करारानुसार ट्रिपल-एमधला किमान पगार ३५,८०० डॉलर. विसेक पटींचा हा फरक एका फोनवर ठरतो. वरचा पगार दिवसांवर मोजून मिळतो. त्यामुळे जखमी सहकाऱ्याच्या जागी तीन आठवडे वर राहिलेला कॅचर खालच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त कमावून जातो. वर काढलेले दिवस आणखी एका खात्यात जमा होतात. एकूण ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा किमान हक्क लागू होतो, आणि पूर्ण वर्ष धरायला १७२ दिवस लागतात. या खेळाडूंना हे आकडे तोंडपाठ असतात.

फेब्रुवारीत अॅरिझोना आणि फ्लोरिडातली सराव शिबिरे सुरू होतात तेव्हा बाकीच्यांच्या आधी पिचर आणि कॅचर हजर होतात. तीसेक पिचरना रोज चेंडू टाकायचे असतात आणि समोर मिट धरायला कुणीतरी हवेच. म्हणून प्रत्येक संघ गरजेपेक्षा तिप्पट कॅचर बोलावतो. त्यांतले बरेच मायनर लीगच्या करारावर, निमंत्रित म्हणून आलेले असतात आणि मार्चअखेर यादी लागताना त्यांतल्या बहुतेकांचे नाव तिच्यात नसते. दरम्यान त्यांनी त्या संघातल्या निम्म्या पिचरचे चेंडू हाताळलेले असतात: कुणाचा स्लायडर उशिरा वळतो, कोण धावपटू बेसवर असला की घाई करतो, कुणाला शिव्या चालतात आणि कुणाला नाही. ही माहिती त्यांच्याबरोबर पुढच्या संघात जाते. माझ्या मते फिरस्त्या कॅचरची खरी किंमत इथे आहे.

एरिक क्रॅट्झ हे या प्रकाराचे अलीकडचे ठळक उदाहरण. पेनसिल्व्हेनियातल्या टेलफर्ड गावचा, मेनोनाइट पंथाचा हा मुलगा व्हर्जिनियातल्या ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठाकडून खेळला. हे महाविद्यालयीन खेळातल्या तिसऱ्या श्रेणीचे विद्यापीठ. तिथे खेळाची शिष्यवृत्तीही नसते. २००२ मध्ये टोरँटोने त्याला २९ व्या फेरीत निवडले. मेजर लीगमधला पहिला सामना तो १७ जुलै २०१० रोजी पिट्सबर्गकडून खेळला, तेव्हा त्याचे वय तीस होते. मधली आठ वर्षे मायनर लीगमध्ये गेली. पुढे पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, टोरँटो, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन, यांकीज, मिलवॉकी, सॅन फ्रान्सिस्को आणि टँपा बे अशा नऊ संघांकडून तो खेळला, त्यांपैकी काहींकडून दोनदा. २०१६ या एका वर्षात तो ह्यूस्टनकडून सुटला, एंजल्सच्या मायनर संघात गेला आणि तिथून पिट्सबर्गला पोचला. त्या वर्षी ह्यूस्टन आणि पिट्सबर्ग दोन्ही संघांसाठी त्याने, सामना हातचा गेल्यावर खरा पिचर वाया घालवू नये म्हणून, पिचिंगही केले. पडेल ते काम म्हणतात ते हेच.

फलंदाजीची त्याची एकूण सरासरी ०.२०९, म्हणजे दहा प्रयत्नांत जेमतेम दोन हिट (बेस गाठून देणारे फटके). तरी २०१८ मध्ये मिलवॉकीने मे महिन्यात त्याला यांकीजच्या मायनर संघातून उचलले, आणि ऑक्टोबरात कोलोरॅडोविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच बाद फेरीत खेळताना, त्याने आठ प्रयत्नांत पाच हिट केल्या. त्याची कारकीर्द या आठवड्यासाठी लक्षात ठेवतात. मला मात्र २०२० चा प्रसंग जास्त बोलका वाटतो. यांकीजच्या डेव्ही गार्सिया या एकवीस वर्षांच्या डोमिनिकन पिचरच्या पदार्पणात चाळिशीतला क्रॅट्झ कॅचर होता. सामन्यानंतर त्या पोराबद्दल आणि आपण खालच्या लीगमध्ये पाहिलेल्या लॅटिन अमेरिकी मुलांबद्दल बोलताना त्याचा कंठ दाटून आला. त्याच वर्षाअखेर तो निवृत्त झाला.

बॉब यूकर यांनी याच आयुष्याचा विनोद करून पोट भरले. मिलवॉकीत जन्मलेले यूकर १९६२ ते १९६७ या काळात ब्रेव्हज, सेंट लुइस आणि फिलाडेल्फियाकडून २९७ सामने खेळले. सरासरी अगदी काटेकोर ०.२००. १९६४ च्या विजेत्या सेंट लुइस संघात ते होते, पण जागतिक मालिकेत (विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत) एकही चेंडू खेळले नाहीत. १९६७ मध्ये अटलांटा ब्रेव्हजने त्यांना आणले ते फिल नीक्रो याचा नकलबॉल झेलायला. फिरकीशिवाय येणारा हा संथ चेंडू हवेत कसाही डगमगतो; पिचरलाही तो कुठे जाईल ठाऊक नसते. तो घरंगळायचा थांबला की उचलावा, ही यूकर यांची झेलण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. त्या हंगामात त्यांच्या हातून २७ चेंडू निसटले, लीगमध्ये सर्वाधिक. आकडेवारीत हा डाग आहे. पण त्याच हंगामात नीक्रो १.८७ या धावसरासरीने (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा; जितक्या कमी तितके चांगले) लीगमध्ये पहिला आला. नकलबॉल बिनधास्त टाक, पकडायची काळजी माझी, हा यूकर यांचा आग्रह आपल्याला घडवून गेला, असे नीक्रो सांगत असे. त्याने पुढे ३१८ विजय मिळवले आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. यूकर १९७१ पासून २०२४ पर्यंत मिलवॉकी ब्रूअर्सचे समालोचक होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२००८ च्या सुमारास प्रत्येक चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी मोजला जाऊ लागला आणि या कॅचरचे दिवस थोडे पालटले. स्ट्राइक झोनच्या (चेंडू जिथून गेला तर न खेळताही फलंदाजाविरुद्ध मोजला जातो त्या चौकटीच्या) काठावरचा चेंडू मिट न हलवता, मऊ हाताने घेऊन पंचाकडून स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाविरुद्धचा कौल, मिळवण्याची ‘फ्रेमिंग’ची कला जुनीच, आता तिची किंमत धावांत मांडता येऊ लागली. एरवी बाकावर बसले असते अशांना काम मिळाले. टँपा बेने होसे मोलिना याला मुख्यतः या हातोटीसाठी खेळवले. ०.१९४ सरासरीचा जेफ मॅथिस २००५ ते २०२१ पर्यंत सहा संघांत टिकला, तोही प्लेटमागच्या कामावरच. मात्र २०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देण्याची सोय आली आहे. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हाने असतात, आणि ती फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांनाच घेता येतात. पंचाला चकवणाऱ्या हातांची किंमत त्यामुळे घटेल. चेंडू झोनमध्ये होता की नव्हता हे क्षणात ओळखणाऱ्या डोळ्यांची वाढेल.

खेळ थांबल्यावर या कॅचरांतले बरेच जण मॅनेजर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, होतात, आणि त्यात आश्चर्य नाही: मैदानाकडे तोंड करून बसणारा कॅचर एकटाच. ब्रूस बोची खेळाडू म्हणून ह्यूस्टन, मेट्स आणि सॅन डिएगोचा बदली कॅचर होता. मॅनेजर म्हणून त्याने चार जागतिक मालिका जिंकल्या. टँपा बेचा मॅनेजर केव्हिन कॅश खेळाडू म्हणून ०.१८३ सरासरीचा. स्टीफन व्होट याला मेजर लीगमध्ये पहिल्या ३२ प्रयत्नांत एकही हिट मिळाली नव्हती. ३३ व्या प्रयत्नात होम रन मिळाला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ओकलंडला कारकिर्दीतला शेवटचा फटकाही होम रनच ठरला. नंतर एक वर्ष तो सिअॅटलच्या बुलपेनचा (बदली पिचरच्या ताफ्याचा) प्रशिक्षक होता. क्लीव्हलंडचा मॅनेजर म्हणून २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षे अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा मान त्याला मिळाला.