बॅज रेडिएशन अडवत नाही, मोजतो

एक्सरे विभागातल्या लोकांच्या छातीवर तो छोटा प्लास्टिकचा बॅज असतो ना, तो लावला की रेडिएशन लागत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. अजिबात नाही. किरणं अडवायला शिशाचा एप्रन असतो. बॅज फक्त हिशोब ठेवतो, पण कसा ठेवतो ते फारच भारी आहे.

टीएलडी (थर्मोल्युमिनेसेंट डोसिमीटर, म्हणजे तापवल्यावर उजेड देऊन डोस सांगणाऱ्या) बॅजमध्ये बऱ्याचदा लिथियम फ्लोराइड या स्फटिकाची चकती असते आणि तिच्यात मॅग्नेशियम, टायटॅनियमची किंचित भेसळ मुद्दाम केलेली असते. सगळी करामत त्या भेसळीची. किरण स्फटिकात शिरला की इलेक्ट्रॉन जागचे सुटतात, बरेचसे लगेच परत येतात, पण काही मॅग्नेशियममुळे तयार झालेल्या सापळ्यांत अडकतात आणि बाहेर पडायला लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळत नाही म्हणून महिनोन्महिने तिथेच राहतात. डोस, म्हणजे मिळालेलं रेडिएशन, जास्त तर अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त. मग लॅबमध्ये चकती तापवतात, इलेक्ट्रॉन सुटतात, टायटॅनियमपाशी रिकामी जागा गाठतात आणि उरलेली ऊर्जा निळसर उजेड म्हणून बाहेर पडते. हा उजेड इतका मंद असतो की तो मोजायला फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी मंद उजेडही टिपणारं उपकरण, लागतो. तापमान आणि उजेड यांचा आलेख काढला की ग्लो कर्व्ह मिळतो, त्यातलं प्रत्येक शिखर कमी-जास्त खोल असलेल्या वेगळ्या सापळ्याचं. उथळ सापळे, म्हणजे ज्यांतून थोड्या ऊर्जेनेही सुटता येतं ते, आपोआप रिकामे होतात म्हणून त्यांच्यावर भरवसा नाही, साधारण 200 अंश सेल्सिअसजवळचं शिखर खरं कामाचं.

आणि लिथियम फ्लोराइडच का, तर त्याचा परिणामी अणुक्रमांक (किरणं शोषण्याच्या हिशोबाने पदार्थाचा सरासरी अणुक्रमांक) 8.2 च्या आसपास, शरीरातल्या मऊ ऊतींचा 7.4 च्या आसपास, म्हणजे चकती किरणं जवळपास आपल्या शरीरासारखीच शोषते.

एकदा तापवली की नोंद पुसली जाते. ओएसएल या दुसऱ्या प्रकारच्या बॅजमध्ये मात्र उष्णतेऐवजी प्रकाश वापरतात, दर वेळी थोडेच इलेक्ट्रॉन सुटतात, त्यामुळे पुन्हा वाचता येतं.



आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय रेडिएशन संरक्षण आयोगाची रेडिएशनजवळ काम करणाऱ्यांसाठीची मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (हे डोसचं एकक), कुठल्याही एका वर्षात 50 च्या वर नाही. निसर्गातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी 2 ते 3 मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणून एक कंट्रोल बॅज किरणांपासून लांब ठेवतात आणि त्याचं रीडिंग वजा करतात. पण बॅज एप्रनलाच लावलेला राहिला आणि एप्रन एक्सरे रूममध्ये टांगला, तर तो डोसही तुमच्याच नावावर चढतो, कारण बॅज अंगावर होता की खुंटीवर हे चकतीला कळत नाही.