दोन्ही ‘वीस इंची’च: फोल्डिंग सायकलचे ४०६ आणि ४५१

फोल्डिंग सायकल घेऊन वर्ष-दीड वर्ष झाले, की तिच्यात काहीतरी सुधारणा करावी असे बहुतेक मालकांना वाटू लागते आणि ही इच्छा बहुधा टायरपासून सुरू होते. माझेही तसेच झाले. मूळच्या टायरवर २० × १.७५ असे लिहिलेले होते. जरा सडपातळ टायर लावला तर सायकल हलकी पळेल, या हिशोबाने मी २० × १ ३/८ आकाराची जोडी घरी आणली. दुकानदाराने “वीसचाच आहे, बिनधास्त न्या” असे सांगितले होते आणि त्याच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते, कारण टायर खरोखरच वीसचा होता. रिमवर चढवला, तेव्हा मात्र तो लहान मुलीच्या हातात आईची बांगडी घालावी तसा लोंबकळत राहिला. हवा भरण्याचा प्रश्नच आला नाही.

या घोटाळ्याचे मूळ असे आहे, की ‘वीस इंच’ हे माप रिमचे नाही, तर टायर चढवून हवा भरल्यावर चाकाचा जो बाहेरचा व्यास होतो त्याचे आहे, आणि तेही ढोबळ. टायर आणि रिम यांची गाठ मात्र आत पडते, म्हणजे टायरच्या काठात जी तार असते ती रिमच्या ज्या कडेवर बसते तिथे, आणि त्या जागेचा व्यास वीस इंची म्हणवणाऱ्या सगळ्या चाकांत सारखा नसतो. फोल्डिंग सायकलींत तो प्रामुख्याने दोन प्रकारचा आढळतो: ४०६ मिलिमीटर आणि ४५१ मिलिमीटर. टायरच्या बाजूवर ४७-४०६ किंवा २८-४५१ असा जो आकडा असतो, त्यातला पहिला भाग टायरची रुंदी सांगतो आणि दुसरा हा बैठकीचा व्यास. युरोपातील टायर आणि रिम उत्पादकांच्या संघटनेने ही पद्धत रूढ केली आणि आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकातही तीच आहे. टायर घेताना भरवसा ठेवावा तो याच आकड्यावर, इंचांवर नव्हे.

इंचांचा आकडा किती फसवा आहे, हे श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या ड्युरानो टायरवरून चांगले कळते. हा टायर २८ मिलिमीटर रुंदीत दोन्ही मापांत निघालेला आहे. ४०६ च्या टायरवर २० × १.१० असे, तर ४५१ च्या टायरवर २० × १ १/८ असे लिहिलेले असते. नाव एक, रुंदी एक, इंच एक. फरक दिसतो तो फक्त दशांश आणि अपूर्णांक यांत, आणि तरीही एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. शाळेच्या गणितात १.७५ आणि १ ३/४ यांत काही अंतर नाही, पण सायकलच्या दुकानात आहे: २० × १.७५ म्हणजे ४०६, तर २० × १ ३/४ हे जुन्या अमेरिकी मुलांच्या सायकलींवरचे माप म्हणजे ४१९. फोल्डिंग सायकलपुरते एवढे लक्षात ठेवले तरी चालते, की दशांशाचा टायर बहुधा ४०६ चा आणि १ १/८ किंवा १ ३/८ असा अपूर्णांकाचा टायर बहुधा ४५१ चा असतो. हा गोंधळ केवळ छोट्या चाकांचाही नाही. घरोघरच्या लेडीज सायकलीचा २६ × १ ३/८ हा टायर ५९० चा, तर गिअरच्या माउंटन बाइकचा २६ इंची टायर ५५९ चा असतो, आणि तिथेही लोक वर्षानुवर्षे असेच हात पोळून घेत आले आहेत.

आता मुख्य प्रश्न असा, की ही दोन मापे मुळात वेगळी का आहेत आणि ४०६ ची सायकल ४५१ ची करून घेण्यात खरोखर काही हशील आहे का. हौशी चालकांमध्ये ही सुधारणा बरीच लोकप्रिय आहे आणि तिच्यामागचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो: चाक मोठे, म्हणून वेग जास्त. तो कागदावर तपासून पाहू. चाकाचा बाहेरचा व्यास काढायचा, तर बैठकीच्या व्यासात टायरची रुंदी दोनदा मिळवावी, म्हणजे उत्तर पुरेसे जवळ येते. ४७-४०६ चा व्यास येतो ५०० मिलिमीटर. २८-४५१ चा येतो ५०७. म्हणजे रिम ४५ मिलिमीटरने मोठी झाली, पण टायर बारीक झाल्यामुळे जमिनीवर फिरणारे चाक जेमतेम ७ मिलिमीटरने वाढले. यात नवल काही नाही, कारण बाहेरचा व्यास वीस इंचांच्या, म्हणजे ५०८ मिलिमीटरच्या, आसपास ठेवायचा आणि टायर बारीक करायचा, तर रिम मोठी करण्यावाचून गत्यंतरच नसते. जाड टायरसाठी लहान रिम आणि बारीक टायरसाठी मोठी रिम अशी ही जुनी वाटणी आहे, आणि दोघींच्या नावावर ‘वीस’ लागले ते त्यामुळेच.

वेगाच्या भाषेत सांगायचे, तर पुढे ५२ दाती चेनव्हील आणि मागे १४ दाती चक्र असताना पायडलच्या एका फेऱ्यात ४७-४०६ चे चाक सुमारे ५.८३ मीटर जाते आणि २८-४५१ चे सुमारे ५.९२ मीटर. फरक जवळपास वीतभरही नाही, तर आठ-नऊ सेंटिमीटरच. त्याऐवजी ४०६ चेच चाक ठेवून पुढचे चेनव्हील ५३ दात्यांचे केले, तर एका फेऱ्याला ५.९५ मीटर मिळतात. दोन नव्या रिम, नवे टायर, नवे आरे आणि कदाचित नवे ब्रेक एवढा खटाटोप करून जे मिळते, ते एका दात्याने मागे टाकले. कोणी म्हणेल, की ४५१ ला ३७ मिलिमीटरचा टायर लावला तर? मग व्यास ५२५ होतो आणि एका फेऱ्याचे अंतर पाच टक्क्यांनी वाढते. पण चेनव्हीलचे तीन दाते वाढवूनही तेवढे, किंबहुना थोडे अधिकच, पदरात पडते. एक अडचण सांगायला हवी: स्वस्त सायकलींत चेनव्हील क्रँकला रिबिटने पक्के केलेले असते, तेव्हा पूर्ण क्रँक बदलावी लागते, आणि चेनच्या एक-दोन कड्या वाढवाव्या लागतील ते वेगळे. तरीही हे काम सकाळी टाकून संध्याकाळी न्यावे एवढेच आहे.

चाके बदलण्याचे काम तसे नाही आणि त्यातला कळीचा मुद्दा ब्रेकचा आहे. व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या ब्रेकचे, खुंट फ्रेमला आणि फोर्कला वेल्डिंगने पक्के केलेले असतात. त्यांची उंची ४०६ च्या रिमसाठी ठरवलेली असते. ४५१ ची रिम बसवली, की ब्रेक लागण्याची जागा हबपासून २२.५ मिलिमीटरने लांब जाते, आणि ब्रेकचे रबर खाचेत वर-खाली सरकते ते काही मिलिमीटरच. मग रबर रिमवर न टेकता तिच्या खाली, आऱ्यांच्या बाजूला जाते, आणि उतारावर हे घडले तर काय होईल ते सांगायला नको. लांब बाहूंचे कॅलिपर ब्रेक लावता येतात, पण त्यांच्यासाठी फोर्कच्या माथ्यावर आणि मागे आडव्या दांडीवर भोक असावे लागते. डिस्क ब्रेकच्या सायकलीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण डिस्कला रिमच्या व्यासाशी देणेघेणे नसते. तिथे पाहायचे ते मडगार्ड आणि घडी. २८-४५१ लावल्यास त्रिज्या अवघ्या साडेतीन मिलिमीटरने वाढते आणि बहुधा निभावते. ३७-४५१ लावल्यास ती साडेबारा मिलिमीटरने वाढते. मग टायर मडगार्डला घासतो आणि सायकलची घडी घातल्यावर दोन चाके एकमेकांना अडून घडी धरून ठेवणारे चुंबक चिकटत नाही. शिवाय पुढच्या हबचीही एक मेख आहे. डाहॉन या फोल्डिंग सायकलींच्या कंपनीच्या अनेक सायकलींत पुढच्या फोर्कची आतली रुंदी नेहमीच्या १०० मिलिमीटरऐवजी ७४ असते, त्यामुळे बाजारातले तयार ४५१ चे चाक त्यात जातच नाही. जुनाच हब ठेवून लांब आऱ्यांनी चाक नव्याने विणावे लागते, आणि वीस इंची चाकाचा आऊट नीट काढणारा कारागीर प्रत्येक पेठेत असतोच असे नाही.

४५१ वाईट आहे असा याचा अर्थ नाही. टर्न कंपनीची व्हर्ज एक्स ११ किंवा अमेरिकेतील बाइक फ्रायडेची पॉकेट रॉकेट या सायकली मुळातच ४५१ साठी घडवलेल्या आहेत. त्यांची भूमिती, ब्रेक आणि टायरसाठी सोडलेली जागा सगळे त्या रिमला धरून आहे, आणि गुळगुळीत डांबरावर पन्नास-साठ किलोमीटर जायचे असेल तर बारीक टायरची ती चाके सुरेख धावतात. त्याच टर्नची लिंक डी ८ आणि बाइक फ्रायडेची प्रवासासाठीची न्यू वर्ल्ड टुरिस्ट या सायकलींना ४०६ आहे. म्हणजे खुद्द उत्पादकांनीच वेगासाठी एक आणि ओझे, खड्डे, दूरचा पल्ला यांसाठी दुसरे, अशी निवड केलेली आहे. डिकॅथलॉनच्या टिल्ट मालिकेतील वीस इंची सायकलीही ४०६ च्याच.

आपल्याकडच्या रस्त्यांचा विचार केला, तर माझा कौल निःसंशय ४०६ ला आहे. लहान चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा खोल उतरते, त्यामुळे रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये हवेची गादी किती जाड आहे याला महत्त्व येते. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ती इतकी पातळ असते, की पेव्हर ब्लॉकची उखडलेली कड लागली तरी ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ते टाळण्यासाठी हवा कडक भरावी, तर प्रत्येक गतिरोधक माकडहाडाला कळतो. ४० ते ५० मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा जरा कमी ठेवता येते. शिवाय ४०६ हे लहान मुलांच्या जाड टायरच्या वीस इंची सायकलींचे आणि बीएमएक्सचेही माप असल्याने, टायर फाटलाच तर तालुक्याच्या गावीही वेळ निभावून नेणारा टायर मिळतो. ४५१ चा टायर मागवावा लागतो. पैसे खर्चायचेच असतील, तर चाके न बदलता ४०६ मध्येच चांगला टायर घ्यावा. श्वाल्बे मॅरेथॉनसारखा पंक्चररोधक थराचा ४७-४०६ किंवा त्याच घराण्यातला जरा हलका, ४० मिलिमीटरचा मॅरेथॉन रेसर लावला, तर कारखान्यातून आलेल्या स्वस्त टायरच्या तुलनेत फरक पहिल्याच चढावर पायांना जाणवतो. ट्यूबबाबत फार चिंता नको; रबर ताणते, म्हणून रुंदी जुळली तर ट्यूब दोन्हीकडे निभावते. तिचा व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकाशी जुळला पाहिजे.

आपल्या सायकलीला काय आहे हे ओळखायचे, तर जमिनीपासून चाकाची उंची मोजून काही कळत नाही, कारण वर पाहिले तसे दोन्हींची उंची जवळपास सारखीच भरते. टायरच्या बाजूवरचा आकडा काळ्यावर काळा उमटवलेला असतो. पावसाळ्याच्या चिखलानंतर तर तो दिसतच नाही. ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर त्यावर पांढरा खडू आडवा फिरवावा, म्हणजे आकडे उठून येतात. अक्षरे झिजून गेली असतील, तर टायर उतरवून रिमच्या एका काठापासून समोरच्या काठापर्यंत, मध्ये हबवरून टेप धरून, माप घ्यावे: ते ४२ सेंटिमीटरच्या आसपास भरले तर रिम ४०६ ची, आणि ४६ च्या आसपास भरले तर ४५१ ची.