लुइझियाना फ्रेंच : मौखिक परंपरेचे जतन

अमेरिकेच्या दक्षिण लुइझियानात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी फ्रेंच आणि ती बोलणाऱ्यांची गाणी, कथा व आठवणी नोंदवून ठेवण्याचे कार्य. हे भाषक एका वंशाचे नाहीत. ब्रिटिशांनी १७५५ पासून आजच्या नोव्हा स्कोशियातून हुसकावलेले अकेडियन लोक (तेथील फ्रेंच वसाहतकऱ्यांचे वंशज) १७६५ च्या सुमारास येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांच्या ‘आकादियँ’ या फ्रेंच नावाचे ‘कादियँ’ आणि इंग्रजीत ‘केजन’ झाले. कृष्णवर्णीय क्रिओल (वसाहतकाळापासून तेथेच रुजलेले लोक) आणि हूमा आदिवासीही फ्रेंचच बोलत. या सगळ्यांना सरसकट केजन म्हणण्याची रूढी मात्र दिशाभूल करणारी आहे.

न्यू ऑर्लीन्समध्ये फ्रेंच वृत्तपत्रे निघत. तेथील स्वतंत्र कृष्णवर्णीय कवींचा फ्रेंच कवितासंग्रह १८४५ मध्येच छापला गेला. बायूंच्या, म्हणजे संथ दलदली ओढ्यांच्या काठची फ्रेंच बहुतांशी तोंडीच राहिली. त्यात लुइझियाना राज्याच्या १९२१ च्या घटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली. आवारात फ्रेंच बोललेल्या मुलांकडून ‘मी फ्रेंच बोलणार नाही’ अशा ओळी लिहून घेत. घरी अस्खलित बोलणाऱ्या अनेकांना स्वतःची भाषा वाचता येईना. त्यामुळे चर्च व कचेऱ्यांच्या दप्तरांत त्यांचे बाप्तिस्मे, लग्ने, जमिनींचे व्यवहार सापडतात. त्यांचे बोलणे सापडते ते ध्वनिमुद्रणांत.

पहिली व्यापारी केजन तबकडी १९२८ ची. जॉन व अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहक पितापुत्रांनी १९३४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी येथे मुद्रणे केली. त्यांत क्रिओलांचे ‘ज्युरे’ आहे : वाद्ये नाहीत, टाळ्या आणि पायांचा ठेका. त्यातल्या एका गाण्यात ‘शेंगा खारवलेल्या नाहीत’ असे शब्द येतात, म्हणजे त्यांत घालायला खारवलेले मांससुद्धा नाही. ‘शेंगा’ या अर्थाच्या ‘ले झारिको’पासूनच क्रिओलांच्या पुढच्या ‘झायडेको’ या नृत्यसंगीताचे नाव आले, असे सामान्यतः मानतात.

राज्याने १९६८ मध्ये फ्रेंचच्या संवर्धनासाठी परिषद नेमली. तिने फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकमधून शिक्षक आणले. पण ते प्रमाण फ्रेंच शिकवत; आजीच्या तोंडची ‘शव्रेत’ (कोळंबी) वर्गात ‘क्रव्हेत’ झाली. १९७० च्या दशकापासून लाफायेत येथील विद्यापीठात लोकसाहित्याचे अभ्यासक बॅरी जाँ आँसले प्रभृतींनी स्थानिक बोलीतल्याच कथा-गीतांचा संग्रह उभा केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुइझियाना फ्रेंचच्या कोशात शब्दांपुढे ते कोणकोणत्या पॅरिशमध्ये (तेथील जिल्हा) आढळले, तेही दिले आहे.